सुकतीला अडकलेल्या तिघी

पालये गावात चंद्रावती बोलायला लागली की लोक हातातलं काम खाली ठेवत. तिचे वडील विठू यांचं तिंट्यावर, म्हणजे गावच्या बाजारचौकात, किराणा दुकान होतं. गिऱ्हाईक खोबरेल घ्यायला आलं की चंद्रावती तांदळाच्या गोणीवर पाय हलवत बसायची, त्याच्या घरची सगळी खबर काढायची आणि बदल्यात गावची द्यायची. वर नकला. पदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत उंडे, म्हणजे गोल पाव, विकायला यायचा, त्याची नक्कल तिने दुकानात केली की बाया खरोखरच टोपली घेऊन रस्त्यावर यायच्या. हरमलच्या बसचा कंडक्टर तिला पाहिलं की आधी मागच्या माणसांची तिकिटं फाडून घ्यायचा. हिच्याशी एकदा बोलणं सुरू झालं की पुढचं काम होणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

हायस्कूलपासून बारावीपर्यंत तिच्या बाकावर आणखी दोघी. एक विमला. तिच्या घरची मिरचीची शेती, अंगाने काटक, बोलणं मोजकं. दुसरी तारा. ताराचे वडील शांताराम मूळचे नदीपलीकडच्या आरोंद्याचे, ट्रक चालवायचे आणि पालयेत भाड्याच्या खोलीत राहायचे. चंद्रावती बोलायची, तारा हसायची आणि विमला दोघींचा डबा संपवायची. असं त्यांचं सगळं सुरळीत चाललं होतं.

बारावीनंतर चंद्रावती म्हापशाच्या कॉलेजात गेली. शांतारामना पाळीच्या खाणीवर काम मिळालं, म्हणून तारा डिचोलीकडे गेली. विमला राहिली गावातच. निघायच्या दिवशी तिघी चोपड्याच्या धक्क्यावर उभ्या होत्या आणि चंद्रावतीने दोघींकडून वचन घेतलं होतं, की दर महिन्याला एकदा तरी भेटायचंच.

वचन पहिल्याच महिन्यात मोडलं. म्हापशाला ती मावशीकडे राहायची. मावशीची दोन लहान मुलं, सकाळचं पाणी, कॉलेज, संध्याकाळी भाजी निवडणं, रात्री अभ्यास. रविवारी गावाला जायचं म्हटलं तरी बस, फेरी, पुन्हा बस. चतुर्थीला ती आली तेव्हा तारा आरोंद्याला गेलेली. दिवाळीला तारा आली तेव्हा चंद्रावतीची परीक्षा. मग डिसेंबरात राजभाषा कोकणी की मराठी, यावरून आंदोलन पेटलं. कधी बस बंद, कधी रस्ते बंद, कधी कॉलेज बंद. मावशी म्हणाली, "कुठे जायचं नाही, गप्प घरात बस." असं करता करता वर्ष संपलं आणि मे महिन्यात चंद्रावती ट्रंक घेऊन पालयेला उतरली.

उतरल्या उतरल्या तिने बेत ठरवला. तेरेखोलचा किल्ला. इतक्या जवळ राहून तिघी मिळून कधी गेल्याच नव्हत्या. ताराला पाळीहून यायला दुकानाच्या शेजारच्या टेम्पोवाल्याबरोबर निरोप गेला आणि ती आदल्या दिवशी संध्याकाळीच येऊन विमलाकडे राहिली.

सकाळच्या बसने तिघी केरीला पोचल्या. पिशवीत उंडे, सुक्या बटाट्याची भाजी आणि विमलाच्या झाडाचे आंबे. धक्क्यावर फेरीबोट उभी होती आणि सुकाणूवर बाबली, पांढऱ्या मिशांचा, कानाला विडी अडकवलेला.

"आयलंस काय गो कॉलेजवाली?" बाबली वरून ओरडला. "आता आमच्याशी बोलतलंस मगे?"

"तुमच्याशी नाय तर कोणाशी बोलू, बाबलीमामा!" चंद्रावतीने खालूनच उत्तर दिलं. बोट सुटली आणि तीही सुटली.

काय काय सांगितलं तिने त्या दिवशी! कॉलेजच्या गॅदरिंगला नाटक बसवलं, त्यात तिला मुख्य काम. वक्तृत्व स्पर्धेत तिचं भाषण झालं तेव्हा टाळ्या थांबेनात, शेवटी सरांना उठून हात वर करावा लागला. सगळा वर्ग तिला चंदू म्हणतो. कॅन्टीनमध्ये तिच्यासाठी जागा राखून ठेवतात. डिचोलीची एक सिद्धी म्हणून मुलगी आहे, ती तर हिच्याशिवाय चहाचा कोपही तोंडाला लावत नाही.

तारा डोळे मोठे करून ऐकत होती. "मगे? मगे काय झाला?" असं दर वाक्याला विचारत होती. विमला कठड्याला टेकून पाण्याकडे बघत, मधूनच चंद्रावतीकडे बघत, एक आंबा हातात मऊ करत होती.

"तू काय बोलत नाय गो?" चंद्रावतीने तिला विचारलं.

"आयकतंय," विमला म्हणाली. "तू सांग."

किल्ल्यावर वारा छान होता. तटावरून एका बाजूला समुद्र, खाली नदीचं तोंड, पलीकडे केरीची वाळू. सरकारी विश्रामगृहाच्या अंगणात एक सहल आलेली होती. दहा-पंधरा मुलंमुली, एक सर, एक ढोलकी. तिघी तटाच्या सावलीत बसल्या, भाजी उंड्यात भरली आणि चंद्रावती फेरीवरच्या एका भटजींची नक्कल करू लागली. नाकात बोलत, मान डोलवत. तारा हसून हसून आडवी झाली.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"अगो! तूं चंद्रावती न्हय?"

चंद्रावतीची मान डोलायची थांबली. सहलीतली एक गोरीशी, दोन वेण्यांची मुलगी उभी होती आणि तिच्या बाजूला चष्म्याचा एक उंच मुलगा.

"साईश, पळय रे," ती मुलगी त्याला म्हणाली, "ही आमच्या वर्गांतली चंद्रावती. आनी ही उलयता!"

"खरंच बोलते की!" साईशही थक्क झाला होता. मग त्याने तारा आणि विमलाकडे वळून अगदी निरागसपणे सांगितलं, "पहिल्या दिवसानंतर वर्षभर आम्ही वर्गात हिचा आवाजच ऐकला नाही हो. हजेरीला नुसता हात वर करायची. आम्ही तर पैज लावली होती, ही कोकणीवाली की मराठीवाली. शेवटपर्यंत कळलंच नाही."

"तू सिद्धी काय?" ताराने त्या मुलीला विचारलं.

"हय. तुका कशें कळ्ळें?"

"मगे गॅदरिंगातला नाटक? चंद्राचा मुख्य काम?"

सिद्धीने साईशकडे पाहिलं, साईशने सिद्धीकडे. दूर ढोलकीवर कोणीतरी उगाच थाप मारत होतं.

चंद्रावती उठली, अर्धा उंडा दगडावर ठेवला आणि पायऱ्या उतरून चालू लागली. मागून तारा, पिशवी गोळा करून विमला.

बोलायला लागू नये म्हणून चंद्रावती झपाझप धक्क्यावर आली, आणि तिथे तिचं पळणंच संपलं. नदीचं पाणी पार ओसरलं होतं. मधोमध वाळूची पाठ उघडी पडली होती, तिच्यावर बगळे चालत होते आणि फेरीबोट पलीकडे, केरीच्या अंगाला, मुकाट उभी होती. बाबलीने तिकडून दोन्ही हात हलवले. त्याचा अर्थ इथल्या शेंबड्या पोरालाही कळतो. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली, पाणी भरल्याशिवाय फेरी नाही.

तिघी धक्क्याच्या दगडांवर बसल्या. पहिल्यांदा तारा बोलली आणि चंद्रावतीच्या थापा आठवून तिचा आवाज चढलेला होता.

"कित्याक फटी मारलंस गो? सकाळपासून मी खुळ्यासारखा आयकतंय. बोटीत बसून मी मनात काय म्हणत होतंय माहीत आसा? आपणाक पण शिकाक मिळाला असता तर आपण पण अशीच झाली असती. माका वाईट वाटत होता, चंद्रा! आणि तू तर नाटकात नाय, भाषणात नाय..."

चंद्रावतीला रडू आलं नाही. ती नखाने दगडावरचं शेवाळ खरवडत राहिली आणि मग एकदम सगळं बोलून टाकलं.

पहिल्या दिवशी सरांनी प्रत्येकाला आपली ओळख करून द्यायला सांगितली होती. ती उठली आणि गावात बोलते तसं बोलली. "माका नकला करूक आवडतत," असं काहीतरी. वर्ग हसला. वाईट हसला असंही नाही, हसला. पण मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, हें कोकणी न्हय. पुढच्या बाकावरची एकजण मागे वळून हळूच म्हणाली, 'मला' म्हण, मराठीत 'मला' म्हणतात. त्या दिवसापासून ती गप्प झाली. मग पुढे आंदोलन तापलं. दोन्ही बाजूंची मुलं येऊन विचारायची, तू कुणाच्या बाजूची? कुणीही तोंड उघडलं की शब्दावरून माप काढायची. हा शब्द आमचा, हा त्यांचा. घरात जे बोलतो ते दोन्हीकडे चुकीचं ठरायला लागलं, तेव्हा तिने पुन्हा बोलायचा विचारच सोडला.

"पहिले आठ दिवस मी मुद्दाम गप्प होतंय," ती म्हणाली. "मगे त्याची सवय झाली. आणि एकदा सगळ्यांनी आपल्याक मुकी ठरवली, की तोंड उघडाचा कसा? महिनाभर गप्प बसलेल्या माणसान उठून काय बोलाचा? पेन दी? त्यापेक्षा गप्प बरा."

"आणि आमका कित्याक नाय सांगितलंस?" तारा म्हणाली.

"तुमका काय सांगू? चंद्रा मुकी झाली म्हणून?"

ताराचा राग पुरता उतरला नव्हता. ती म्हणाली, "निदान गप्प बसाक तरी तुका कॉलेज मिळाला."

यावर आधी विमला हसली, फसकन, तोंडातल्या आंब्यासकट. मग तारा स्वतःच्याच बोलण्यावर हसली. चंद्रावतीला हसावं की नाही ते कळेना, पण ओठ ऐकेनात.

"माका माहीत होता," विमला म्हणाली.

"काय?"

"तू कॉलेजात बोलत नाय ता. मार्चापासून मी दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मिरची घेऊन बसतंय. एकदा वेळ मिळाला म्हणून कॉलेजच्या गेटार आयलंय. तू बदामाच्या झाडाखाली एकटीच बसलं होतंस. बाजूक सगळे घोळक्यान, आणि तू पुस्तक उघडून. पान काय परतत नव्हतंस. माका काहीतरीच झाला. हाक मारूक तोंड उघडलंय, पण म्हटलं, आता हिका लाज वाटतली. तशीच परत गेलंय."

"मगे सकाळपासून माझ्या फटी आयकून कित्याक घेतलंस?" चंद्रावतीने विचारलं.

विमलाने आंब्याची कोय नदीत भिरकावली. "खूप दिसांनी बोलत होतंस. म्हटलं, बोलांदे."

मग चंद्रावतीने पदराने, म्हणजे ओढणीनेच, तोंड पुसलं आणि सकाळपासून पहिल्यांदाच विचारलं, "तुझा काय गो, विमले? तुझा वर्स कसा गेला?"

"माझा लगीन ठरला," विमला म्हणाली.

दोघी किंचाळल्या. बगळे उडाले.

आणि मग विमलाची गोष्ट सुरू झाली. शुक्रवारच्या बाजारात तिच्या पाटीसमोर एक मुलगा उभा राहिला आणि त्याने मिरची घेतली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा आला, पुन्हा घेतली. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच. तिखट आहे का, विचारायचा. तोडून चाखायचा आणि डोळ्यांतून पाणी येत असताना "बरी आसा" म्हणायचा. नार्वेचा गुरुदास, नदीकाठी शेती. शेवटी त्याची आई चंद्रभागाबाई स्वतःच बाजारात आली. म्हणाली, "घरात मिरची ठेवायला डबे उरले नाहीत, तेव्हा म्हटलं, मिरचीवालीलाच बघून येऊ."

"आणि तू काय म्हटलंस?" ताराने विचारलं.

"म्हटलं, लगीन झाला तरी हंगामात मी बाजारात बसतलंय. नार्वेच्या मळ्यात मिरची लावतलंय. तयार आसात तर बोला."

"मगे?"

"तो लगेच हो म्हणालो. आवस म्हणाली, विचार करून सांगतंय. दोन शुक्रवार विचार केल्यान." विमला थांबली. "माका तुमका सांगाचा होता. कोणाक सांगू? एक पाळीक, एक बदामाखाली."

ताराचं वर्षही मग बाहेर आलं. पाळीला खाणीच्या धुळीने सगळंच लाल. रस्ता लाल, झाडं लाल, दोरीवर घातलेली पांढरी ओढणी संध्याकाळी लाल. आई माठावर फडकं बांधते तेही लाल. ती डिचोलीला टायपिंग शिकायला जाते, पण बोटांपेक्षा खोकलाच जास्त चालतो. सकाळपासून ट्रकांचे हॉर्न, आणि बोलायला आईशिवाय बाई माणूस नाही. बाबा रात्री दमून येतात आणि ताटावरच पेंगतात. हे सगळं तिने हसत हसत सांगितलं. चंद्रावतीने मात्र या वेळी मध्ये एकही शब्द घातला नाही. तारा शेवटी म्हणाली, "माका शिकाचा आसा अजून. कसा ता माहीत नाय." आणि ओठ मिटले.

"बाहेरून परीक्षा देतत," चंद्रावती म्हणाली. "मी चौकशी करतंय."

"कशी करतलंस? बोलाचा लागतला थंय."

"बोलतंय," चंद्रावती म्हणाली.

एव्हाना सहलीची मंडळीही किल्ल्यावरून खाली उतरली होती. त्यांची बस पलीकडे केरीला उभी. पाणी नाही, फेरी नाही म्हटल्यावर सर कपाळाला रुमाल लावून एका दगडावर बसले. सिद्धी घुटमळत या तिघींजवळ आली. तिच्या हातात चंद्रावतीने दगडावर ठेवलेला अर्धा उंडा कागदात गुंडाळलेला होता.

"हो तुजो रावलो," ती म्हणाली आणि ओशाळून कानापर्यंत लाल झाली. "आमी अशें सांगपाक जाय नाशिल्लें."

चंद्रावतीने उंडा घेतला. तारा तिला कोपराने ढोसत होती. सिद्धीने काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "फेरी केन्ना सुटतली?"

चंद्रावतीने घसा साफ केला. "पाणी भरल्याबिगर सुटाची नाय," ती म्हणाली. "बाबलीमामा उगाच बोट वाळूत घालूचो नाय. एकदा घातलेली त्यान. लग्नाचा वऱ्हाड होता बोटीत."

"मागीर?" सिद्धी तिथेच खाली बसली.

चंद्रावतीने क्षणभर विमलाकडे पाहिलं. विमला दुसरा आंबा सोलत होती. मग चंद्रावती उभी राहिली. बाबली झाली, मिशीवरून हात फिरवला, कानावरची विडी काढली. मग नवरदेवाचा मामा झाली, ज्याला मुहूर्ताची घाई. मग बोटीतला बैल झाली, ज्याला कसलीच घाई नव्हती. वऱ्हाडातल्या बायका लुगडी वर खोचून वाळूत उतरतात, नवरदेव कोणाच्या तरी पाठुंगळी बसतो, बैल मुंडावळ्या खातो... मध्येच बैल कोणाचा ते ती विसरली आणि आधी परबांचा म्हणालेली, तो नंतर गडेकरांचा केला. कोणाच्या लक्षात आलं नाही. एकेक करून सगळी सहल तिच्याभोवती गोळा झाली होती. सरांनी कपाळावरचा रुमाल काढला होता.

"वाळूत रुतल्यानी," ती एके ठिकाणी म्हणाली, तेव्हा मागून कोणीतरी सुधारायला गेलं, "रुतले म्हण—"

"तू गप रे," साईश त्याला म्हणाला. "मग बैलाचं काय झालं?"

गोष्ट संपली तेव्हा हसणं पुष्कळ वेळ चाललं. सर डोळे पुसत म्हणाले, "अगं, ही तुझी बोली कुठली?"

"पालयेची," चंद्रावती म्हणाली.

"बरी आहे," सर म्हणाले.

ऊन कलल्यावर पाणी चढलं, वाळूची पाठ बुडाली आणि फेरी आली. बाबलीने विचारलं, एवढी हसायची काय गोष्ट होती, पलीकडे ऐकू येत होतं. कोणी त्याला सांगितलं नाही. केरीला उतरल्यावर सहलीच्या बसने तिघींना पालयेच्या तिंट्यापर्यंत आणून सोडलं आणि विठूंनी दुकानाच्या पायरीवरून विचारलं, "आज बसनेसुद्धा तुला सोडून दिलं वाटतं बडबडीला कंटाळून?"

त्याच महिन्याच्या अखेरीस गोवा राज्य झालं. तिंट्यावर रेडिओभोवती माणसं जमली, कोणी पेढे वाटले आणि भाषेवरचे वाद पुढेही तसेच राहिले. जूनमध्ये कॉलेज उघडलं. पहिल्याच आठवड्यात चंद्रावती आणि सिद्धी या दोघींना वर्गात बोलल्याबद्दल बाहेर काढलं गेलं. व्हरांड्यात उभं राहूनही त्या बोलतच होत्या, म्हणून मग त्यांना आणखी लांब पाठवलं. वक्तृत्व स्पर्धेत चंद्रावतीने नाव दिलं आणि ती साफ पडली, कारण विषय सोडून ती भलतीकडेच गेली. गॅदरिंगला मात्र तिच्या नकला दोनदा कराव्या लागल्या.

विमलाचं लग्न मार्गशीर्षात नार्वेला झालं. पुढच्या हंगामापासून ती नार्वेहून मिरची घेऊन म्हापशाला येऊ लागली आणि दर शुक्रवारी दुपारी चंद्रावती तिच्या पाटीशेजारी पोत्यावर बसू लागली. गिऱ्हाईक वाढलं, असं विमलाची सासू सांगते.

आणि ताराच्या परीक्षेची चौकशी चंद्रावतीने खरोखर केली. दोन ऑफिसांत, तीन खिडक्यांवर, आपल्याच बोलीत. एका खिडकीवरच्या माणसाने तिला तीनदा पुन्हा बोलायला लावलं आणि तिने तीनदा सांगितलं. ताराने बाहेरून परीक्षा द्यायला सुरुवात केली. महिन्यातल्या एका रविवारी चंद्रावती पाळीला जायची, विमला वाटेत चढायची, आणि तिघी लाल धुळीने भरलेल्या खोलीत जनेल, म्हणजे खिडकी, लावून, घामाघूम होत अभ्यास करायच्या. म्हणजे तारा अभ्यास करायची, बाकीच्या दोघी तिला करू देत नसत. तरीही तारा पदवीला चंद्रावतीपेक्षा वरच्या श्रेणीत पास झाली. त्या दिवशी शांतारामनी ट्रक धुतला, हार घातला आणि तिघींना पुढे केबिनमध्ये बसवून डिचोलीला आईस्क्रीम खायला नेलं.